अर्ध्या मात्रेच्या खाली

वडिलांच्या आवाजाची एकच खूण आमच्या घरात शिल्लक आहे : साठ मिनिटांची एक कॅसेट. तिच्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात ‘शुद्धलेखन – इयत्ता चौथी’ असे लिहिलेले आहे. १९८८ साली मी चौथीत होतो आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार होतो. नेमक्या त्याच वर्षी वडिलांची, म्हणजे आमच्या दादांची, बदली अकोले तालुक्यात राजूरच्या पुढे एका वस्तीवरच्या शाळेत झाली. आम्ही संगमनेरला राहत होतो. दादा शनिवारी शाळा सुटल्यावर येत आणि सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने परत जात. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांना घासातल्या खड्यासारखी लागे. मुलाचा शुद्धलेखनाचा सराव आठवडाभर खंडित होणार, ही गोष्ट त्यांना बदलीहूनही अधिक जाचत असावी. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ही कॅसेट. एका रविवारी दुपारी मला खेळायला बाहेर पिटाळून, मामाने दिलेल्या टू-इन-वनवर त्यांनी ती भरली. पुढे वर्षभर रोज संध्याकाळी आई ते यंत्र सुरू करी आणि मी वही घेऊन त्याच्यासमोर बसे.

दादा आधी सबंध वाक्य सांगत, मग त्याचे तुकडे करीत, प्रत्येक तुकडा दोनदा उच्चारीत आणि मध्ये थांबत. ‘ओढ्याला पूर आला.’ मग ‘ओढ्याला’. मग ‘पूऽर आला’. बोलताना मराठी माणूस इकार-उकारांची लांबी फारशी पाळत नाही. पण दादा शुद्धलेखन सांगताना ती मुद्दाम पाळत, जेणेकरून मुलाला कानाने दीर्घ कळावा. शेवटी ‘पूर्णविराम’ हा शब्दही ते वाक्याचाच भाग असल्यासारखा म्हणत. सुरुवातीला मी तो शब्दही लिहून मोकळा होत असे.

दादा २००९ साली गेले. कॅसेट कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात पडून राहिली. ती वाजवावी असे मला कधी वाटले नाही, आणि वाटले तरी वाजवायला यंत्र उरले नव्हते.

ती बाहेर काढण्याचे निमित्त एका एकांकिकेचे झाले. आमच्या महाविद्यालयाच्या नाट्यमंडळाची जबाबदारी माझ्याकडे आहे. पटसंख्या कमी झाल्यामुळे बंद पडणाऱ्या एका शाळेवर मुलांनी एकांकिका लिहिली होती. त्यात रिकाम्या वर्गात एका जुन्या गुरुजींचा आवाज ऐकू येतो असा प्रसंग होता. ध्वनीची बाजू विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षातला एक विद्यार्थी सांभाळत होता. त्याला शुद्धलेखन सांगणारा खरा आवाज हवा होता. मी क्षणभर विचार करून कॅसेटविषयी बोललो. त्याने कुठूनसा एक कॅसेट प्लेअर मिळवला, ध्वनी संगणकावर उतरवला आणि मला विचारले, ‘‘सर, मधल्या सायलेंट जागा कापून टाकू का? नुसते शब्द ठेवतो.’’ मी म्हणालो, ‘‘टाक की. आपल्याला शब्दच हवेत.’’ हे माझे वाक्य पुढे मला पुरून उरायचे होते, म्हणून इथे नमूद करून ठेवतो.

चार दिवसांनी त्याने मला ऐकायला बोलावले. लॅपटॉपच्या पडद्यावर दादांचा आवाज एखाद्या डोंगररांगेच्या रेखाचित्रासारखा पसरला होता. त्याने एक उभी रेघ सरकवत त्या रांगेतल्या एका शिखरावर आणून ठेवली आणि एक पट्टी दाबली. खोलीत एक स्वर भरला. तो सनईच्या सुरासारखा अखंड होता आणि तरीही आत कुठेतरी खदखदत होता. पंधरा सेकंद, वीस सेकंद, चाळीस सेकंद. थांबण्याचे चिन्ह दिसेना. ‘‘हे काय आहे?’’ मी विचारले. ‘‘सर, हा ‘पूर’मधला ऊ आहे,’’ तो म्हणाला.

मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. माणसाला श्वास घ्यावा लागतो. चाळीस सेकंद न थांबता ‘ऊ’ म्हणणारा माणूस माझा बाप नव्हता. शिवाय दादांच्या दीर्घाची ही थट्टा आहे असेही वाटले. व्याकरणकारांनी प्लुताला तीन मात्रा दिल्या आणि तिथे हात टेकले. या यंत्राच्या लेखी तीन मात्रा म्हणजे नुसता आरंभ. मुलगा बावरला. ‘‘सर, नको असेल तर काढून टाकतो,’’ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचे दिसले, तेव्हा मी भानावर आलो आणि शिक्षकाने विचारायला हवे ते विचारले : हे होते कसे?

त्याने दाखवले ते असे. त्याच्याकडे एबलटन लाइव्ह हे संगीतरचनेचे सॉफ्टवेअर होते आणि त्याच्या आत चालणारे ‘ग्रॅन्युलेटर’ नावाचे एक साधन. मुले त्याला प्लगइनच म्हणतात. काटेकोर बोलायचे तर ते ‘मॅक्स फॉर लाइव्ह’चे उपकरण आहे. रॉबर्ट हेन्के या जर्मन संगीतकाराने ते घडवले. त्याची तिसरी आवृत्ती २०२४ साली लाइव्हच्या बाराव्या आवृत्तीबरोबर आली. ज्या पद्धतीवर ते चालते तिला ग्रॅन्युलर सिंथेसिस म्हणतात. ध्वनीचे अतिशय लहान तुकडे करायचे, साधारण एक ते शंभर मिलिसेकंदांचे. हे तुकडे म्हणजे ग्रेन, कण. प्रत्येक कणाची सुरुवात आणि शेवट हळुवार उतरता करायचा, नाहीतर तो ‘टक्’ असा वाजतो. मग सेकंदाला वीस, पन्नास, शंभर या गतीने कण एकमेकांवर शिंपीत जायचे. कानाला ते वेगवेगळे न वाटता एक सलग पोत वाटू लागतो. मूळ ध्वनीतली कण उचलण्याची जागा, कणाची लांबी, त्यांची दाटी, त्यांचा स्वर आणि जागेतला विस्कळीतपणा, एवढ्या गोष्टी हाताशी असतात. जागा एकाच ठिकाणी रोखून धरली, की तोच क्षण पुन्हापुन्हा उगवत राहतो आणि काळ थांबतो. ‘ऊ’ थांबला होता तो असा.

कॅसेटच्या पिढीच्या माणसाला यातली नवलाई चटकन कळते. टेप हळू फिरवली की आवाज लांबतो, पण खालीही जातो. बॅटरी उतरलेल्या टेपरेकॉर्डरमधून बाहेर पडणारे घोगरे राक्षस आम्ही सगळ्यांनी ऐकले आहेत. इथे काळ आणि स्वर यांची ती जन्मगाठ सुटते. आवाज शंभरपट लांबवला तरी त्याची पट्टी तीच राहते. मी सवयीने हिशेब केला. कॅसेटची टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर धावते. पन्नास मिलिसेकंदांचा कण म्हणजे अडीच मिलिमीटरहूनही थोडी कमी टेप. तांदळाच्या दाण्याच्या अर्ध्याएवढ्या तपकिरी पट्टीतून दादांचा तो अखंड ऊकार निघत होता.

कुतूहल चाळवले की पुस्तक शोधायचे, ही मास्तरकीची सवय. कर्टिस रोड्स या अमेरिकन संगीतकाराचा ‘मायक्रोसाउंड’ हा २००१ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ या विषयात महत्त्वाचा मानतात. त्याच्या आणि इतर वाचनाच्या आधाराने मला जे समजले ते थोडक्यात सांगतो. या कल्पनेचे मूळ डेनिस गाबोर यांच्या लेखनात आहे. हंगेरीत जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले हे पदार्थवैज्ञानिक; होलोग्राफीसाठी त्यांना १९७१ चे नोबेल मिळाले. १९४६-४७ च्या सुमारास त्यांनी असे मांडले, की ध्वनीकडे केवळ तरंग म्हणून नव्हे तर सूक्ष्म कणांचा समूह म्हणूनही पाहता येते. फूरिएच्या गणितात प्रत्येक ध्वनी हा अनादि-अनंत लहरींची बेरीज असतो. पण आपला कान तर ‘केव्हा’ आणि ‘कोणता’ या दोन्ही गोष्टी एकदमच ऐकत असतो. या दोन गोष्टींत मात्र एक कायमची देवघेव आहे. कण जितका छोटा करावा तितका काळ नेमका कळतो आणि स्वर धूसर होतो. स्वर नेमका हवा असेल तर काळाला पसरू द्यावे लागते. दोन्ही एकदम पूर्णत्वाने हाती लागत नाहीत. गाबोर यांनी नुसते गणित मांडले नाही. चित्रपटाच्या प्रोजेक्टरमध्ये फेरफार करून त्यांनी ध्वनीचे असे तुकडे करणारे यंत्रही बनवून पाहिले.

या विचाराला संगीतात आणले ते यानिस झेनाकिस यांनी. त्यांचा मार्ग शब्दांवर जगणाऱ्या माणसाला विशेष विचार करायला लावणारा आहे. दुसऱ्या महायुद्धात ते ग्रीक प्रतिकार चळवळीत होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवरील लढाईत तोफगोळ्याच्या तुकड्याने त्यांचा चेहरा विद्रूप झाला आणि एक डोळा गेला. १९४७ साली देश सोडून ते पॅरिसला आले आणि स्थापत्यकार ल कॉर्ब्युझिए यांच्या कार्यालयात अभियंता म्हणून लागले. पुढे आपल्या संगीतविचाराची उकल करताना त्यांनी पावसाच्या आणि रातकिड्यांच्या ध्वनिसमूहांची उदाहरणे दिली, तसेच मोर्चाचेही दिले. हजारो कंठांतून एका लयीत उठणारी घोषणा, शत्रूशी गाठ पडताच तिचे फुटणे, गोळ्यांच्या आवाजात आणि किंकाळ्यांत तिचा उडालेला भुगा. घोषणेचे कण होताना त्यांनी प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी रस्त्यावर ऐकले होते. १९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनातील फिलिप्स दालनासाठी त्यांनी ‘कॉंक्रे पीएच’ ही रचना केली. तिचा कच्चा माल म्हणजे जळत्या कोळशाची तडतड. टेप कापून, चिकटवून, तुकड्यांवर तुकडे रचून ती बनवली होती. त्यानंतरच्या ‘आनालोझिक बी’मध्ये त्यांनी हे कणांचे तंत्र पद्धतशीर वापरले.

रोड्स यांनी १९७२ साली झेनाकिस यांच्याकडे एक अभ्यासवर्ग केला आणि १९७४ साली कॅलिफोर्नियात संगणकावर पहिल्यांदा कणांचे संश्लेषण करून पाहिले. कॅनडाचे बॅरी ट्रुॲक्स यांनी १९८६ साली ‘रिव्हररन’ रचली, तेव्हा हे काम वाजवता वाजवता, तत्क्षणी होऊ लागले होते. ‘रिव्हररन’ हा जेम्स जॉइसच्या ‘फिनेगन्स वेक’चा पहिला शब्द. शब्दांचे कण करून त्यांची नदी करणारा लेखक एका ध्वनिरचनाकाराला आठवावा, यात मला आश्चर्य वाटले नाही. आज जे काम एक विद्यार्थी चहा पिता पिता करतो, त्यामागे टेप, कात्री आणि पंचकार्डे घेऊन बसलेल्या माणसांची अशी तीन-चार दशके आहेत.

माझा राग या वाचनाने बराचसा निवळला. तथापि पेच सुटला नाही. उलट तो नीट मांडता येऊ लागला. गेली वीस वर्षे मी भाषाविज्ञान शिकवतो. वर्णाच्या कालमापनाविषयी शिकवताना पाणिनीय शिक्षेतले प्राणी हमखास सांगतो, कारण मुलांना ते आवडतात : चाष पक्षी एक मात्रा बोलतो, कावळा दोन, मोर तीन; आणि मुंगसाची अर्धी मात्रा, जी व्यंजनाची म्हणून ओळखली जाते. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, हा विनोदही त्याला जोडून येतोच. म्हणजे आमच्या परंपरेत मापनाची तळाची पायरी मुंगसापाशी आहे. कण त्या पायरीखाली उतरतो. तिथे वर्ण नाही, म्हणून पद नाही, म्हणून वाक्य नाही. भर्तृहरी म्हणतो त्याप्रमाणे अर्थ हा अखंड स्फुरतो आणि क्रमाने येणारे ध्वनी त्याला फक्त प्रकट करतात. तो क्रमच मोडला तर प्रकट व्हायचे काय? आणि तरीही त्या पहिल्या दिवशी, राग येण्याच्याही आधी, अर्ध्या क्षणात मला जाणवले होते की हे दादा आहेत. शब्द नव्हता, अर्थ नव्हता, श्वासही नव्हता. पण घशातली ती किंचित अनुनासिक कड होती. आवाज म्हणजे शब्दाचे वाहन, या गृहीतावर मी आयुष्यभर शिकवत आलो. इथे प्रवासी उतरून गेला होता आणि वाहन ओळखू येत होते.

ग्रेनला मराठीत काय म्हणावे, यावरही त्या दिवसांत मनाशी खल झाला. ‘कण’ शास्त्रीय आहे, ‘दाणा’ फार अखंड आहे. मला ‘रवा’ हा शब्द योग्य वाटतो. पीठ नव्हे, दाणाही नव्हे. बोटांना लागणारा, मूळ धान्याची ओळख सांगणारा. तुपाला आपण रवाळ म्हणतो तसा आवाजही रवाळ असतो. संस्कृतात ‘रव’ म्हणजे आवाजच; अर्थात हे साम्य योगायोगाचे असू शकेल, व्युत्पत्तीचा दावा मी करीत नाही.

त्या आठवड्यात मी मुलाकडून दोन्ही ध्वनी मोबाइलवर घेतले : तो रवाळ ऊकार आणि निव्वळ शब्दांची कापलेली फाइल. आईला ऐकवावेत असे मनात होते. आई आता शहात्तर वर्षांची आहे, कानाने अजून ठीक आहे. आधी ऊकार लावला. तिने थोडा वेळ ऐकले आणि विचारले, ‘‘कसला आवाज आहे रे हा? गिरणीचा का?’’ मी हिरमुसलो. मला जे ओळखू आले ते चाळीस वर्षांच्या सहवासानंतर तिला ओळखू येऊ नये? मग दुसरी फाइल लावली. दादांचे शब्द सुरू झाले. तिचा चेहरा बदलला. पण मला अपेक्षित होता तसा नाही. तिने कपाळाला आठी घातली.

‘‘एवढ्या घाईत नव्हते सांगत ते,’’ ती म्हणाली.

‘‘मधल्या जागा कापल्यात, आई. तिथं काही नव्हतं.’’

‘‘नव्हतं कसं? तू लिहीत होतास ना तिथं.’’

यावर मला काही बोलता आले नाही. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात गेल्यावर मी मुलाला विचारले, मूळ फाइल आहे का? त्याने ती जपून ठेवली होती. हे त्याचे शहाणपण, माझे नव्हे. ती त्याने ग्रॅन्युलेटरमध्ये भरली. पडद्यावर पुन्हा ती डोंगररांग दिसली, पण या वेळी शिखरांमध्ये लांबलचक सपाट दऱ्या होत्या. शब्दांनी व्यापलेली जागा थोडी होती, दऱ्यांनी व्यापलेली कितीतरी अधिक. मी म्हणालो, ‘‘ती रेघ इथं, मोकळ्या जागेत ठेव.’’ तो म्हणाला, ‘‘सर, तिथं फक्त टेपची खरखर असेल.’’ तरी त्याने ठेवली, कणाची लांबी वाढवली आणि आवाजाची पातळी वर नेली.

खरखर होतीच. तिच्या आत आणखी काहीतरी होते. मुलाने रेघ सावकाश पुढे सरकवली, एखादा संशोधक पोथीवरून भिंग सरकवतो तशी. मूळ ध्वनीतले दोन-तीन सेकंद आम्ही अर्धा मिनिटभर ऐकत होतो. एक कोरडी, बारीक, खरवडल्यासारखी ओळ उमटे, थांबे, पुन्हा उमटे. मध्येच एक टोकदार किंचाळी. मुलगा म्हणाला, ‘‘उंदीर असेल का, सर?’’ त्याच्या पिढीला तो आवाज माहीत असण्याचे कारण नव्हते. मला माहीत होता. ती पाटीवरची पेन्सिल होती.

पुढच्या दरीत रेघ ठेवली; तिथेही तीच. तिच्या पुढच्यातही. दादा वाक्याचा तुकडा सांगत आणि मग स्वतः तो पाटीवर लिहीत. लिहून झाला की पुढचा तुकडा सांगत. कॅसेटवर भरताना समोर मूल नव्हते. मी बाहेर गोट्या खेळत होतो. किती वेळ थांबायचे हे त्यांनी अंदाजाने ठरवले नव्हते, मोजले होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आवाज वाढवून साध्या हेडफोनवर ऐकला असता तरी ती पेन्सिल ऐकू आली असती. चौथीतल्या मला ती रोज ऐकू येतही असेल, माझ्याच पेनाच्या आवाजाखाली. प्लगइनने नवे काही निर्माण केले नाही. त्याने फक्त काळाला एका जागी बसवून ठेवले आणि जिथे ऐकण्यासारखे काही नाही असे मी ठरवून टाकले होते, तिथे मला थांबायला लावले. कवितेच्या तासाला मी मुलांना सांगतो की ओळींमधल्या मोकळ्या जागाही वाचायच्या असतात. हे वाक्य मी इतक्या वर्षांत किती सवयीने उच्चारले आहे, ते मला त्या दिवशी कळले.

संध्याकाळी आईला पाटीचे सांगितले. तिला त्यात नवल वाटले नाही.

‘‘पाटी मांडीवर घेऊन बसले होते,’’ ती म्हणाली. ‘‘डाव्या हातानं लिहीत होते. मी म्हटलं, अहो हे काय? तर म्हणाले, उजव्यानं माझं लवकर होतं, त्याचं व्हायचं नाही.’’

तिने हे भाजी निवडता निवडता सांगितले. सदतीस वर्षांत कधी सांगितले नव्हते, कारण कुणी विचारले नव्हते.

असो. याहून अधिक मी त्याविषयी लिहू शकत नाही.

एकांकिकेचे काय झाले ते सांगतो. तालमी सुरू असताना मुलाने भीत भीत आणखी एक गोष्ट सुचवली होती. आता अशी साधने आली आहेत की दादांच्या आवाजाचा नमुना दिला तर त्या आवाजात आपल्या संहितेतली वाक्ये बोलवून घेता येतील. त्याचा हेतू चांगलाच होता. मी नको म्हणालो. त्या क्षणी मला कारण देता आले नव्हते. आता देता येते. तसा आवाज जे बोलेल ते दादांनी कधी म्हटलेले नसेल. त्यांच्या तोंडी शब्द घालण्याचा अधिकार मला नाही. कणांचे तंत्र आवाज मोडते, विस्कटते, प्रसंगी विद्रूपही करते. पण जे मुळात नव्हते ते त्यात घालत नाही. त्या अखंड ऊकारातला प्रत्येक रवा १९८८ च्या त्या रविवारचा होता. तरीही ऊकार आम्ही वापरला नाही. आईला गिरणी वाटली यात तिच्या कानाचा दोष नव्हता. तिला ओळखीचा होता तो थांबून बोलणारा माणूस. समोरच्याचे लिहून होईपर्यंत वाट पाहणे हा ज्या आवाजाचा स्वभाव, तो कुणासाठीच थांबेनासा झाल्यावर तिने त्याला ओळखावे तरी कसे? मला ओळखू आली ती घशाची ठेवण. तिने शोधला तो स्वभाव. दोघांपैकी अधिक चांगले कोण ऐकत होते, याविषयी आता माझ्या मनात शंका नाही.

रिकाम्या वर्गाच्या प्रसंगाला शेवटी आम्ही पाटीच्या पेन्सिलीचे कण वापरले. मुलाने ते अतिशय जाणतेपणाने केले. आधी विरळ, सेकंदाला दोन-तीन. जणू एकच मूल लिहिते आहे. मग दाटी वाढत गेली, जागेचा विस्कळीतपणा वाढला, आणि हळूहळू वर्गभर पोरे पाट्यांवर वाकून लिहीत आहेत असा तो ध्वनी झाला. तो तसाच वाढत वाढत पत्र्यावरच्या पावसासारखा झाला आणि एकाएकी थांबला. त्या थांबण्यानंतर दादांचा एकच शब्द, न मोडता, न लांबवता, जसाच्या तसा : ‘पूर्णविराम’. स्पर्धेत क्रमांक आला नाही. एका परीक्षकांनी नंतर सांगितले की पावसाचा परिणाम छान होता. मुलगा दुरुस्त करायला निघाला होता. मी त्याला खुणेने थांबवले.

मूळ फाइल आता मी दोन-तीन ठिकाणी जपून ठेवली आहे, सगळ्या मोकळ्या जागांसकट. मध्यंतरी एका रविवारी ती लावली आणि वही घेऊन बसलो. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी माझे लिहिणे अर्थातच लवकर होते. ‘ओढ्याला’ लिहून मी पेन टेकवून बसलो, आणि पलीकडे पाटीवर डावा हात अजून लिहीत होता.